चंडीगड : वाटाड्यासोबत एक दिवस

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, प्रवासवर्णने तुम्ही याआधीही वाचली आहेत. त्यांत बहुधा एखादा गड, एखादे लेणे किंवा नदीवरचा जुना घाट असतो. 'ऐतिहासिक शहर' हे शब्द उच्चारले की आपल्याला पैठण आठवते, नाशिक आठवते. वेशी, तटबंदी आणि वाडे यांखेरीज इतिहास असू शकतो हे मनाला चटकन पटत नाही. प्रस्तुत पाठातील शहराचे वय फार तर तुमच्या आजोबांइतके आहे. चंडीगडचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. तरीही २०१६ साली या शहरातील 'कॅपिटॉल' या वास्तुसमूहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.

अशा शहरात एक दिवस वाटाड्या सोबत घेऊन हिंडताना लेखिकेला जे दिसले, ते या पाठात आले आहे. वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. वाटाड्याने दाखवायच्या ठिकाणांची यादी सकाळीच ठरवलेली आहे. त्या यादीत नसलेले काय काय या पाठात येते?

पाठ

दोन दिवसांचे चर्चासत्र आटोपले आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची असल्याने आम्हांला एक अख्खा दिवस मोकळा मिळाला. मी आणि उरणकडच्या माझ्या एक सहकारी शिक्षिका, अशा आम्ही दोघी सेक्टर ३४ मधील एका अतिथिगृहात उतरलो होतो. दिल्लीहून येताना वाटेत पानिपत स्थानक लागले होते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख कोणत्या मराठी माणसाला सांगावी लागते? गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत गप्प बसलो होतो. चंडीगडात मात्र आपल्या ओळखीचा इतिहास काही सापडणार नाही, अशी माझी खात्री होती. सेक्टर ३४ मध्ये तर बँका, पारपत्र कार्यालय, शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि प्रदर्शने भरतात ते विस्तीर्ण मैदान, एवढेच डोळ्यांना दिसत होते.

अतिथिगृहाच्या व्यवस्थापकांनी एक वाटाड्या ठरवून दिला होता. सकाळी आठच्या ठोक्याला तो आपली गाडी घेऊन दारात हजर झाला. 'तो' म्हणणे योग्य नव्हे. गृहस्थ पासष्टीच्या पुढचे होते. फिकट निळी पगडी, नीट विंचरलेली पांढरी दाढी, खिशाला दोन पेने. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. ते हिंदीत बोलत, मध्येच पंजाबीत घसरत.

"मॅडम, आधी नकाशा," असे म्हणून त्यांनी गाडीच्या धुळकट टपावर बोटाने चौकटी आखायला सुरुवात केली. एक चौकट म्हणजे एक सेक्टर, लांबी बाराशे मीटर, रुंदी आठशे. शाळा, दवाखाना, दुकाने, बाग हे सारे त्या चौकटीच्या आत. रस्त्यांचे सात प्रकार : पहिला दुसऱ्या शहरांकडून येणारा, सातवा बागेतून जाणारी पायवाट. शहराची रचना मानवी देहासारखी. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी कॅपिटॉल, म्हणजे मस्तक. सेक्टर १७ हे हृदय. मधून वाहणारी हिरवी दरी ही फुप्फुसे.

"मग आम्ही उतरलो तो चौतीस म्हणजे पाय की काय?" माझ्या सहकारी बाईंनी विचारले.

"पाय नको, पोट म्हणा," ते हसून म्हणाले. "हा दुसऱ्या टप्प्यातला सेक्टर. पहिला टप्पा एक ते तीसचा, दीड लाख वस्तीसाठी. दुसरा एकतीस ते सत्तेचाळीस. दोन्ही मिळून पाच लाख माणसे राहतील असा हिशेब होता. २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख भरली."

मग त्यांनी हाताच्या एका फटकाऱ्याने ते सबंध शहर पुसून टाकले आणि गाडीचे दार उघडले.

वाटेत त्यांनी जन्मकथा सांगितली. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. कचेऱ्या सिमल्याला थाटाव्या लागल्या. प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या पुढाकाराने नव्या शहराचे काम सुरू झाले. जवळच्या चंडीमंदिरावरून शहराला नाव मिळाले. पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. पण ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम खुंटले. १९५१ च्या प्रारंभी ल कॉर्बुझिए आले. सोबत त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे, तसेच मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य. भारतीय वास्तुविशारदांची नावेही ते एका दमात सांगत गेले : शर्मा, मलहोत्रा, आदित्य प्रकाश, युली चौधरी, प्रभावळकर, देठे...

"थांबा, थांबा," मी म्हणाले. "प्रभावळकर? देठे?"

"जी. ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे. तुमच्याकडची नावे ना?"

परदेशी वास्तुविशारदाचे नाव शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याच्या टेबलाशेजारी बसून उन्हापावसाचा हिशेब करणाऱ्यांची आडनावे पुस्तकांच्या तळटिपांत राहतात. चंडीगडला येईपर्यंत ती मीही ऐकली नव्हती, हे येथे कबूल करते.

कॅपिटॉलला ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि ठरलेल्या वेळी गटाने आत जावे लागते. आत गेल्यावर प्रथम जाणवते ती मोकळी जागा. एका टोकाला उच्च न्यायालय, दुसऱ्या टोकाला विधानभवन, त्याच्यामागे आठ मजली सचिवालय. सचिवालयाची लांबी २५४ मीटर आहे. न्यायालयाचे तीन उंच खांब हिरवा, पिवळा व तांबडा अशा रंगांत रंगवलेले. बाकी सगळीकडे उघडे काँक्रीट. त्यावर गिलावा नाही की रंग नाही. भिंतीवर लाकडी साच्याच्या फळ्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. आमच्या वाटाड्यांनी त्या रेघांवर हात ठेवायला लावला. "हा सुताराचा हात आहे," ते म्हणाले. "काँक्रीट वाळले, सुतार घरी गेला, हात राहिला."

'खुला हात' हे शहराचे बोधचिन्ह २६ मीटर उंच आहे आणि वाऱ्याबरोबर फिरते. ते उभे राहिले १९८५ साली; कल्पना ज्यांची, ते कॉर्बुझिए १९६५ मध्येच वारले होते. राज्यपालांच्या प्रासादाचाही आराखडा तयार होता. लोकशाहीत राज्यपालाचा वाडा सर्वांत वरच्या जागी असावा हे नेहरूंना रुचले नाही, म्हणून तो बांधलाच गेला नाही. आणखी एक गोष्ट ऐकून गंमत वाटली. शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, असे कॉर्बुझिए यांनी लिहून ठेवले आहे. चौकाचौकांत पुतळे पाहण्याची सवय असलेल्या आम्हां दोघींना सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते, ते हेच असावे.

खरे सांगायचे तर कॅपिटॉलने मला दिपवले. जवळ केले नाही. मधल्या विशाल पटांगणावर लोकांनी एकत्र यावे अशी कल्पना होती. आज तेथे कुंपणाच्या तारा आणि पहारा आहे. १९९५ साली याच सचिवालयासमोर झालेल्या स्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली. त्यामुळे पहाऱ्याला नावे ठेवता येत नाहीत. पण माणसांसाठी आखलेल्या त्या पटांगणात आमच्या गटाखेरीज फक्त टिटव्या होत्या.

तेथून रॉक गार्डन जवळच. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालचा, गाव शकरगढ भागातले. तो भाग फाळणीत पाकिस्तानात गेला. निर्वासित म्हणून आलेला हा माणूस चंडीगडात बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाला. १९५७ पासून तो नोकरी सुटल्यावर सायकलवरून दगड आणि मोडतोड गोळा करी आणि बांधकामास बंदी असलेल्या जंगलात गुपचूप आपले राज्य उभारी. फुटक्या बांगड्यांच्या बायका, फुटक्या कपबश्यांचे मोर, विजेच्या निकामी चिनी मातीच्या बैठकांची भिंत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अधिकाऱ्यांना याचा पत्ता लागला. नियमाप्रमाणे सारे पाडायला हवे होते. लोकांनी ते पाडू दिले नाही, आणि १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना तेच काम करण्यासाठी पगार व मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

एका अरुंद वाटेवर आमचे वाटाडे थांबले. समोरच्या भिंतीत मडक्यांचे तुकडे बसवले होते.

"हे कुठून आले असेल, मॅडम?"

"कचऱ्यातून. तुम्हीच म्हणालात."

"कोणाच्या कचऱ्यातून?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे झाले.

दुपारी सेक्टर २२ च्या बाजारात छोले-भटुरे खाल्ले. हा सेक्टर सर्वांत आधी वसला. नंतर सेक्टर १० मधील वस्तुसंग्रहालय पाहिले. तेथील गांधार शैलीची बुद्धमूर्ती पाहताना पायांना रग लागली याचेही भान राहिले नाही. लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंची १९४८ मध्ये वाटणी झाली : साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस भारताला. दोन हजार वर्षांच्या जवळपास वय असलेल्या त्या मूर्तींनाही निर्वासित व्हावे लागले होते.

ऊन उतरल्यावर सुखना तलावाच्या बांधावर आलो. १९५८ मध्ये डोंगरातून येणारा ओढा अडवून हा तलाव केला. बांधावर मोटारींना मज्जाव आहे. चौदा वर्षे या शहरात राबलेल्या पिएर जानेरे यांनी आपली रक्षा येथे विसर्जित व्हावी अशी इच्छा ठेवली होती. १९६७ मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि १९७० मध्ये त्यांच्या पुतणीने ती रक्षा या पाण्यात सोडली. त्यांनी कचेऱ्यांसाठी करवून घेतलेल्या सागवानी खुर्च्या मोडक्या म्हणून अडगळीत पडल्या आणि भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. आता परदेशांतील लिलावांत त्यांना लाखांनी बोली लागते. "मी तीस वर्षे त्या खुर्चीवर बसलो," आमचे वाटाडे म्हणाले. "पाठ कधी दुखली नाही. मोलाची आहे हे मात्र कोणी सांगितले नव्हते."

ठरलेली यादी येथे संपली. गाडीला अजून तीन तास होते. चौतीसच्या दिशेने परतताना मी सहज विचारले, "तुमचे मूळ गाव कोणते?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "चहा घ्याल? मग सांगतो."

सेक्टर ३४ पासून जवळच, सेक्टर ४५ मध्ये, बुडैल आहे. सरळ रुंद रस्त्यावरून गाडी वळली आणि अवघ्या दोन मिनिटांत शहर पालटले. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांतून हात मिळवावेत. डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, खाली दुकाने, शिलाईयंत्रांचा खडखडाट, मधूनच जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा तुकडा आणि तिला पाठ लावून उभे राहिलेले घर. सकाळपासून दोन घरांच्या मध्ये इतके कमी अंतर आम्ही पाहिले नव्हते. माणसेही इतकी पाहिली नव्हती.

"नकाशावर गावाभोवती लाल रेघ असते," चहा पिता पिता ते सांगू लागले. "महसूल खात्याची, जुनी. तिला लाल डोरा म्हणतात. डोऱ्याच्या आत घरे, बाहेर शेते. शहरासाठी शेते घेतली, डोऱ्याच्या आतले गाव तेवढे राहिले. पहिल्या टप्प्यातली गावे तर घरांसकट उठली. लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले. मग मोबदला घेतला आणि गेले. नेकचंदांना मडकी मिळाली ती कोणाची, हे मी सकाळी विचारले ते यासाठी."

"आमच्याकडे याला गावठाण म्हणतात," माझ्या सहकारी बाई हळूच म्हणाल्या. दिवसभर त्या फारशा बोलल्या नव्हत्या. "आमचीही भातशेती नव्या शहरासाठीच गेली. घर तेवढे गावठाणात आहे."

"गावठाण," त्यांनी शब्द एकदा उच्चारून पाहिला. त्यांच्या पत्नीने न विचारता आमच्या पेल्यांत आणखी चहा ओतला.

मी म्हणाले, "हे तुम्ही पाहुण्यांना का दाखवत नाही?"

"लोक इमारती बघायला येतात, त्यांना इमारती दाखवतो. आणि हे शहर वाईट आहे असे मला म्हणायचे नाही, मॅडम. माझी मुलगी इथल्या शाळेत शिकून डॉक्टर झाली. माझ्या वडिलांना सही येत नव्हती."

अतिथिगृहापाशी सोडताना त्यांनी मैदानाच्या कडेला गाडी उभी केली. अंधार पडत होता; कोणत्या तरी प्रदर्शनाचा मांडव उभारण्याचे काम चालू होते. ते उतरले आणि दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याच्या अलीकडे आमची विहीर होती. इकडे गहू, तिकडे मका. मी मक्याची राखण करायला यायचो. पुढे कचेरीत लागल्यावर या सेक्टरच्या नकाशाच्या प्रती काढायचे काम माझ्याकडे आले. विहिरीच्या जागेवरून रस्त्याची रेघ जात होती."

"मग?"

"मग काय. सरळ काढली. पट्टी लावून."

ठरलेले पैसे त्यांनी घेतले. चहाच्या तासाचे वेगळे देऊ केले, ते परत केले.

आशय समजून घेऊ या

या पाठातील वाटाड्याचे नाव कोठेही येत नाही, तरी पाठ संपल्यावर तो माणूस आपल्या ओळखीचा होतो. त्याची बोलण्याची रीत पाहा. तो आकडे सांगतो, सनावळ्या सांगतो. ते त्याचे कामच आहे. पण टपावर काढलेला नकाशा, सुताराच्या हाताची रेघ आणि 'कोणाच्या कचऱ्यातून?' हा प्रश्न छापील माहितीपत्रकात सापडणार नाही. रॉक गार्डनमधील हा प्रश्न लेखिकेने तेथे अनुत्तरित सोडला आहे. त्याचे उत्तर बुडैलमध्ये मिळते. प्रवासवर्णन लिहिताना सगळी माहिती पाहिल्या ठिकाणीच देऊन टाकली असती, तर वाचक लेखिकेबरोबर बुडैलपर्यंत आला असता का, याचा विचार करा.

आता 'लाल डोरा' आणि 'गावठाण' हे शब्द घेऊ. दोन्ही शब्द महसुली आहेत. दोन्हींचा अर्थ गावातील राहत्या वस्तीची जागा असा आहे. पंजाबी शब्दात नकाशावरची रेघ दिसते, मराठी शब्दात गावाचे ठिकाण दिसते. उरणच्या शिक्षिकेला पंजाबी येत नाही, वाटाड्याला मराठी येत नाही. तरी हा एक शब्द पुढे येताच त्यांना एकमेकांचे सारे कळते. यासाठी नवी मुंबईचा संदर्भ ठाऊक हवा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्यानंतर आले. चंडीगडच्या शेतकऱ्यांना, त्यांच्या जमिनी पंधरा-वीस वर्षे आधी गेल्या असताना, असे काही मिळाले नव्हते. पाठातील शिक्षिका यातले काहीच सांगत नाही. 'घर तेवढे गावठाणात आहे,' एवढेच म्हणते.

'सरळ काढली. पट्टी लावून.' हे वाक्य पुन्हा मोठ्याने वाचा. त्यात दुःख हा शब्द नाही, तक्रार नाही. काही वाचकांना यात अभिमान ऐकू येतो, काहींना पश्चात्ताप. संपादक मंडळातही याबाबत एकमत झाले नाही, म्हणून आम्ही त्याचा अर्थ येथे देत नाही.

स्वाध्याय

१. कॅपिटॉलबद्दल लेखिकेचे मत काय आहे? त्यासाठी तिने दिलेली कारणे तुम्हांला पटतात का, ते लिहा.

२. 'त्या मूर्तींनाही निर्वासित व्हावे लागले होते' या विधानाचा संदर्भ स्पष्ट करा. पाठात आणखी कोण निर्वासित आहे?

३. चहाच्या तासाचे पैसे वाटाड्याने परत का केले असावेत? पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.

४. 'मोबदला', 'गावठाण', 'पट्टी', 'रेघ' हे शब्द तुमच्या परिसरात कोणत्या अर्थांनी वापरले जातात, ते घरातील वडीलधाऱ्या व्यक्तींना विचारून नोंदवा.

५. तुम्ही राहता तेथे, आजची घरे वा रस्ते होण्यापूर्वी काय होते? ते आठवणाऱ्या एखाद्या व्यक्तीसोबत त्या जागी जा. ती व्यक्ती जे दाखवील, ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.